वळसा

दुपार होईतो अकानोच्या हातून धोटा चारदा खाली पडला.

वीस हात लांब ताणलेल्या सुताच्या पलीकडच्या टोकाला एक लाकडी फळी होती, आणि फळीवर वजनाला दगड. विणलेलं कापड गुंडाळून घेतलं की ताणा ओढला जाई आणि फळी मातीत रेघ काढत वीतभर जवळ येई. मागच्या वर्षापर्यंत दगडाच्या जागी मोरेनिके बसायची. नऊ वर्षांची. सकाळी तिकडे लांब बसलेली पोर दिवस मावळताना बापाच्या गुडघ्याला येऊन टेकायची. 'ओढ बाबा, ओढ, मी निघाले गावाहून', असं काहीबाही जुळवून गायची.

अकानोनं दगडाकडे पाठ केली, मग पुन्हा तोंड केलं.

"अरे, टोपीचं कापड विणतोयस की मासळीचं जाळं?" शेजारच्या मागावरून तिजानी म्हणाला. "नवरदेवाचं टक्कल आरपार दिसायचं."

अकानो उठला.

"कुठं?"

"दादाकडे."

तिजानीची फणी थांबली. आज कुठला दिवस, ते त्यालाही ठाऊक होतं. "नको विचारूस त्यांना," तो हळूच म्हणाला.

म्हातारं माणूस गेलेलं असतं, तर वर्षाच्या दिवशी गल्लीभर गरम अकारा, चवळीची भजी, वाटली असती, ढोल आला असता. लेकराचं वर्ष कुणी करत नाही. लेकराला माती द्यायला नेतात तेव्हा आईबापाला घरात बसवून ठेवतात, आणि कुठं पुरलं ते त्यांना कुणी सांगत नाही. कधीच नाही. थोरला भाऊ सालाको तिला उचलून घेऊन गेला होता, ऊन ताडाच्या शेंड्यावर असताना. ऊन ताडाच्या निम्म्यावर यायच्या आत हात धुऊन परतलाही होता. तेवढ्या वेळात जाऊन येण्याजोग्या सगळ्या वाटा वर्षभरात अकानो एकटाच चालून आला होता. ओढ्याकडची, वीटभट्टीकडची, बांबूच्या बेटाकडची. जमीन सगळीकडे सारखीच होती.

सालाको ओसरीवर चघळायला कोलाची कडू बी फोडत बसला होता. अकानोनं वाकून हात भुईला लावले.

"ये. मोरेनिकेची आई जेवली का?"

"दादा, आज वर्ष झालं."

"माहितीय."

"जागा नका सांगू. एवढंच सांगा, तिथं ऊन लागतं का?"

सालाकोच्या हातातली कोलाची फाक हातातच राहिली. "आईबापानं ती जागा पाहिली, की मागं राहिलेल्या लेकराला तिकडची ओढ लागते. तुझ्या घरात धाकटा आहे. माझं तोंड उघडवू नकोस."

अकानो बसला. लगेच उठला. दाराच्या चौकटीवर हात फिरवला, पुन्हा बसला.

"मग चला, पाय मोकळे करून येऊ. मला बसवत नाहीये."

"या धुळीत?"

"या धुळीत."

वाळवंटाकडचा वारा सुटला होता. आभाळ ताकासारखं पांढुरकं झालं होतं. सालाको पुढं, आणि धाकट्यानं चालावं तसा अकानो अर्धं पाऊल मागं. त्याची नजर भावाच्या पायांवर होती.

ओढा झाला. वीटभट्टी झाली. सालाको सत्तरीचा, पण काटा बघेना की खड्डा बघेना, सरळ चालत होता. "बाजारात बकरा फिरवावा तसा फिरवतोयस मला," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मिळालं की सांग."

"मिळेल, दादा. चला."

काजूच्या झाडांमागं कसाव्याच्या कंदांचं एक पडीक रान होतं. सपाट. ना दगड, ना खुंट. सालाको धाकट्या जावयाचं छप्पर वाऱ्यानं कसं उडालं ते सांगत होता. सांगता सांगता त्याचे पाय उजवीकडं सरकले, सात-आठ पावलं बाजूनं गेले आणि पुन्हा वाटेवर आले. ओसरीवर झोपलेल्या लेकराला वळसा घालून जावं, तसे. बोलणं कुठं तुटलं नाही.

अकानोही त्याच पावलांनी गेला. काजूची सावली तिथवर आली होती.

थोडं पुढं गेल्यावर सालाको छपराचं सांगायचा थांबला. त्यानं मागं पाहिलं नाही.

"आता परतायचं का?"

"परतू. दुसऱ्या वाटेनं."

घरी मोरेनिकेच्या आईनं पाण्याचं भांडं त्याच्यापुढं ठेवलं. धाकटा तिच्या पाठीला बांधलेला, झोपलेला. लोक अजूनही तिला मोरेनिकेची आईच म्हणत; दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती ओ देत नसे.

"तिजानी येऊन गेला. कुठं गेला होतात?"

"दादांबरोबर. असंच."

ती त्याच्या पायांशी बसली. पायजम्याच्या काठाला कुसळं चिकटली होती, पडीक रानातली. ती एकेक कुसळ उपटून डाव्या हाताच्या तळव्यात ठेवू लागली.

"ऊन फार होतं?"

अकानोनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं.

"नाही. सावली होती."

तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, त्याच्या तोंडाकडं, बराच वेळ. मग उरलेली कुसळंही काढली, एकही अंगणात टाकलं नाही. कमरेच्या वस्त्राचं टोक सोडवून तिनं ती त्यात घातली, आणि पाठीवरचं लेकरू जागं होऊ नये अशा बेतानं गाठ मारली.