सवतीची फुलं

पहिली बायको देवाघरी गेली, पण तिने वाळवलेले गुलाब फुलदाणीत तसेच राहिले. दर रविवारी नवरा मऊ ब्रशने एकेका पाकळीवरची धूळ झटकायचा आणि म्हणायचा, "काय हात होता तिचा!" दुसरीने आणून ठेवलेला चहा तोवर निवून जायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं पुटपुटत ती बिचारी कप उचलायची.

नवरा महिनाभर कामानिमित्त परगावी गेला, तशी तिने ती फुलं मुठीत धरून चुरडली आणि केरात टाकली. मग मात्र नवरा आल्यावर आधी फुलंच शोधेल, हे तिच्या ध्यानात आलं. तसेच गुलाब विकत आणून तिने बिस्किटांच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरून वाळवले, आणि तो यायच्या आत फुलदाणीत जसेच्या तसे रचले.

आल्या आल्या नवऱ्याने ब्रश हातात घेतला. "बघ, इतकी वर्षं झाली, पण रंग उतरलाय का? उलट खुलतच चाललाय! तुला हे सात जन्मांत जमायचं नाही."

"नाहीच जमायचं," ती म्हणाली, आणि आपल्याच हातच्या फुलांवर जळू लागली.