तळेघरचा मुक्काम

"सांजच्याला वर पोचायचं, पहाटं चारला रांगेत हुभं ऱ्हायचं आन नवाला गाडी हालली पायजे," रखमाजी म्हणाला.

पिंपळवंडीची पायी दिंडी तळेघरच्या शाळेच्या ओट्यावर दुपारची भाकरी खाऊन टेकली होती. चालण्याचा तिसरा दिवस. भीमाशंकर आता एका टप्प्यावर राहिलं होतं. रखमाजीचा मुलगा पप्पू परतीच्या पिकअपमध्ये कोण कोण बसणार ती नावं मोबाईलवर उतरवत होता.

"एकच रात? मागं तर आमी तीन-तीन रोज थांबायचो," दिंडीतली सोनीबाई म्हणाली.

"थांबून काय करायचंय गर्दीत? दर्शन झालं, बास," रखमाजी म्हणाला.

रखमाजीची बायको ठमाबाई भाकरीचं फडकं झटकत होती. ती म्हणाली, "पप्पू, माझं नाव गाडीत धरू नको. मी हितंच थांबणार हाय."

"हितं कुणाकडं?" रखमाजीने विचारलं. त्याला माहीत होतं.

त्यांची थोरली लेक प्राची इथून अर्ध्या तासावरच्या वाडीत राहत होती. पाच वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं, आणि त्या दिवसापासून तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं रखमाजीने ठरवलं. दर श्रावणात दिंडी याच ओट्यावर जेवायची, आणि दर श्रावणात ठमाबाई जेवून उठायची नि सगळ्यांबरोबर पुढे चालू लागायची.

"प्राचीकडं," ती म्हणाली. "पंधरा दिसांची बाळंतीण हाय ती."

"तुला कुणी सांगितलं?"

पप्पूने मोबाईल खिशात घातला. रखमाजीने ते बघितलं.

"म्हंजी ह्यालाबी ठावं हाय!"

"आण्णा, घरी गेल्यावर बोलू आपण."

"पोरगी झाली तिला," ठमाबाई बोलतच राहिली. "चवथ्या दिशी ताप भरला व्हता. घरात सासू न्हाई. नवरा भाताच्या लावणीला, दिसभर चिखलात. कोण हाय तिच्यापाशी?"

"तिचं तिनं निवडलंय. आन तू देव हाकेच्या अंतरावर आल्यावर माघारी फिरतीस? तीन दिस कशापायी चाललीस मंग?"

"तीन दिस न्हाई, पाच वर्सं चालले." ठमाबाईचा आवाज चढला. ओट्यावरच्या बायका भांडी घासायच्या थांबल्या. "दरसाली देवाम्होरं हुभी ऱ्हाऊन तिच्यासाठीच मागितलं. आन तिच्याच दारावरनं तशीच गेले. मान वर करून बघायची लाज वाटायची मला देवाकडं. तुमाला न्हाई वाटली कधी?"

रखमाजी उठून उभा राहिला. "गेलीस तर परत घरी यायचं काम न्हाई!"

"परवा पहाटं चार गाया एकट्यानं पिळा. त्येच्यानंतर ह्येच परत बोला, मंग ऐकते."

सोनीबाईने पदर तोंडाला लावला. बाकी कुणी हसलं नाही.

ठमाबाईची पिशवी पप्पूने उचलली. ती इतकी जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आत डिंक होता, खारका होत्या, आळीव होते, जुन्या लुगड्याची शिवलेली दुपटी होती. तीन दिवसांत एकदाही तिने ही पिशवी गाडीत टाकू दिली नव्हती.

"मी येऊ का सोडायला?" त्याने हळूच विचारलं.

"मागंच एकदा आला असतास भनीकडं, तर आज मला वाट दावली असतीस," ती म्हणाली आणि पिशवी त्याच्या हातातून ओढून घेतली.

वाट तिने खाचरात लावणी करणाऱ्या एका बाईला विचारली.

घर लहान होतं. कानाला फडकं बांधलेली प्राची दारातच बसली होती. शेजारी चौघडीवर बाळ निजलं होतं. आईला बघून ती उठली नाही.

"किती वाजता हाय गाडी तुझी?" तिने विचारलं.

ठमाबाईने पायरीजवळ पिशवी खाली ठेवली.

"दरसाली तुमचा भजनाचा भोंगा ऐकू येतो मला," प्राची म्हणाली. "पहिल्या वर्षी फाट्यावर येऊन हुभी ऱ्हायले व्हते. दोन तास. तू खाली मान घालून गेलीस. मला वाटलं, आईनं बघितलंच न्हाई."

ठमाबाईला खोटं बोलता आलं असतं. वाटेत तिने तसं एक-दोनदा मनात जुळवलंही होतं.

"बघितलं व्हतं मी तुला," ती म्हणाली.

प्राचीचा चेहरा लालबुंद झाला. तिने हाताशी असलेली वाटी उचलून अंगणात भिरकावली. वाटी लांब चिखलात जाऊन पडली. आवाजाने बाळ दचकलं आणि रडायला लागलं. प्राचीने त्याला उचललं, खांद्याला लावलं. बराच वेळ ती त्याला थोपटत राहिली, आईकडे न बघता. ठमाबाई अंगणातच उभी होती. वरून पाऊस भुरभुरत होता, आणि प्राची आत ये म्हणत नव्हती.

"किती दिवस ऱ्हाणार?"

"सव्वा महिना व्हईपतोर."

"आन आण्णा?"

"त्येंचं त्ये बघतील."

"त्येंनी बोलावल्यावर जाशील. मला ठावं हाय."

बोलून पटणार नव्हतं, ते ठमाबाईला कळत होतं.

बाळाचं रडणं थांबेना. प्राचीने त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पंधरा दिवसांची झोप तिच्या डोळ्यांत साठली होती.

"चुलीवर पाणी तापलंय," शेवटी ती म्हणाली. आवाजातला राग तसाच होता. "हात धुऊन घे आधी. मानेखाली हात घालून धर तिला, मान नीट धरता येत न्हाई अजून."