फिलोमिनाच्या कबरीवरची फुलं

“पप्पा, मम्मीची कबर कोणीतरी फोडली.”

रविवारी चर्चमध्ये पहिल्या मिस्साला गेलेला ॲल्रॉय धापा टाकत दारात उभा होता. बेनेडिक्टने चहाचा कप खाली ठेवला, शर्ट चढवला आणि काही न विचारता पोरामागून निघाला.

संगमरवरी क्रूस मोडून पडला होता. फिलोमिनाचा फोटो बसवलेली फरशी मधोमध फुटली होती. वरचे सोनचाफे टाचेखाली चिरडलेले होते. शेजारच्या एकाही कबरीला ओरखडा नव्हता.

“आपलीच का?” ॲल्रॉय म्हणाला. “म्हणजे ज्याने केलं तो आपल्याला ओळखतो.”

कॉलेजातला पोरगा, बापापेक्षा वीतभर उंच, पण बापाचा हात धरून उभा होता. मागून आलेले फादर म्हणाले, पोलिसांत कळवू, गेटवर कॅमेरा बसवू.

“नको, फादर,” बेनेडिक्ट म्हणाला. “चारचौघांत तिच्या नावाची चर्चा नको. मी नीट करून घेतो.”

ते सगळ्यांना पटलं. त्याची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं.

त्या दिवसापासून ॲल्रॉयने कॉलेजला जाणं सोडलं. तिन्हीसांजेलाच तो सगळ्या कड्या लावायचा, दिवा चालू ठेवून झोपायचा. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि तो दाराकडे बघत राहायचा. आई गेली तेव्हा त्याची एक परीक्षा बुडाली होती. ही दुसरीही बुडाली तर पोरगा पुन्हा पुस्तक हातात धरणार नाही, ही धास्ती बेनेडिक्टला झोपू देत नव्हती.

दोन-चार दिवसांनी घरोब्यातला वॉल्टर आला. सांडोर गावात त्याची सोनचाफ्याची वाडी होती. पहाटे खुडलेली फुलं दादरला जायची. त्याने लग्न केलं नव्हतं.

“अरे बेनी, घर आहे की कोंडवाडा? खिडक्या तरी उघड. बापलेक असे बसलात की भूत आलं तरी तेच घाबरून पळेल.”

ॲल्रॉय हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बेनेडिक्टला ते लागलं. त्याने स्वतः पोराला हसवायला काय काय केलं होतं, तेव्हा ओठसुद्धा हलले नव्हते.

मग ते दोघं बोलत बसले. मम्मी तेव्हा कशी गायची, कुठली गाणी गायची, ॲल्रॉय विचारत होता आणि वॉल्टरला सगळं आठवत होतं. लग्नाआधी फिलोमिना आणि तो चर्चच्या गायनमंडळात होते. वॉल्टरच्या आईने तिला मागणीही घातली होती. तोवर बेनेडिक्टशी ठरलं होतं. ती गोष्ट घरात कधी कोणी काढली नाही, आणि बेनेडिक्ट ती कधी विसरलाही नाही.

ती गेल्यापासून दर शनिवारी सांजेला, आसपास कोणी नसताना, बेनेडिक्ट दफनभूमीत जायचा. दर वेळी त्याच्या आधी कोणीतरी येऊन गेलेलं असायचं. मूठभर सोनचाफे, देठ एका बाजूला करून नीट मांडलेले. अशी फुलं नवऱ्याने ठेवायची असतात. त्याच्या हातात तर नुसती मेणबत्ती असायची.

“काही दिवस पोराला माझ्याकडे पाठव,” वॉल्टर म्हणाला. “आधी पहाटे वाडीत हाताखाली यायचा, आता तेही बंद. कामात राहिला की भीती जाईल.”

“माझा मुलगा माझ्या घरात राहील.”

“अरे, मी काय पळवून नेतोय त्याला?”

“तुझा काय नेम.”

वॉल्टर मोठ्याने हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बेनेडिक्टने कंपनीत रजा टाकली. ॲल्रॉयला स्कूटरवर मागे बसवून तो कॉलेजला न्यायचा आणि लेक्चर संपेपर्यंत समोरच्या टपरीवर बसायचा. पोरगा दर थोड्या वेळाने खिडकीत येऊन बघायचा. बेनेडिक्ट हात वर करायचा. संध्याकाळी जमेल तसं कालवण रांधायचा.

“पप्पा, हे कोळंबीचं आहे की मिठाचं?”

“गप गिळ. उद्या तू कर.”

हळूहळू पोराला दिवा बंद करून झोप लागायला लागली. नवी फरशी आली, ती दोघांनी मिळून धुतली, क्रूस बसवून घेतला. कबरीवर आता सोनचाफे नसायचे. ते बेनेडिक्टच्या नजरेतून सुटलं नाही. त्याला बरं वाटलं.

ॲल्रॉयने परीक्षा दिली. शेवटच्या पेपरानंतर बापाने त्याला राजोडीच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांखाली, वाळूत, दोघं भजी खात बसले. आता विचारायला हरकत नाही, असं बेनेडिक्टला वाटलं.

“खरं सांग. मम्मीच्या कबरीवर वॉल्टर कधीपासून फुलं ठेवत होता?”

ॲल्रॉयला कळलंच नाही. “वॉल्टर अंकल? ती मी ठेवायचो.”

बेनेडिक्टने हातातलं भजं परत कागदावर ठेवलं.

“शनिवारी खुडायला गेलो की अंकल थोडी फुलं द्यायचे. तुम्हाला सांगणार होतो. पण मम्मीचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठायचात. म्हटलं, कशाला उगाच.”

समोर पोरं लाटेतून चेंडू आणायला धावत होती.

“म्हणून तर जास्त घाबरलो, पप्पा. कशी चिरडली होती ती फुलं! फोडणाऱ्याचा राग माझ्यावरच होता. मी काय केलं होतं कोणाचं?”

“काही नाही रे. तू काहीच केलं नाहीस.”

“परत येईल तो?”

“नाही येणार.”

“तुम्ही आहात म्हणून झोप लागते मला,” ॲल्रॉय म्हणाला आणि त्याने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. वॉल्टरच्या खांद्यावर त्याने कधी असं डोकं टेकलं नव्हतं. बेनेडिक्ट हलला नाही.

कबर बापानेच फोडली, हे त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.