नदीची ओटी

केरबा भोयाने नव्या सुनेला सहलीच्या होडीत पुढे बसवलं आणि वल्हं मारायला घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदा नदी ओलांडताना नवरीने नदीची ओटी भरायची, ही भोयांची रीत. पण सहलीच्या होड्यांसाठी जलमार्ग आखला गेला, तेव्हापासून पाण्यात शेंगेचं टरफल टाकायचीही सोय राहिली नव्हती. तळाशी लोखंडी मगरी राखणीला होत्या. पाण्यात काही पडलं की टाकणाऱ्याचा हात त्या धरायच्या. हे त्यांना केरबानेच शिकवलं होतं, दारूच्या बाटल्या फेकून फेकून, आणि गावाने त्याची पाठ थोपटली होती.

"मामंजी, आई म्हणाली, रिकाम्या हाताने पलीकडे जाऊ नकोस," शेवंता म्हणाली.

"थांब पोरी," म्हणेपर्यंत तिच्या पदराखालचा नारळ पाण्यात पडला.

मगर उसळली. शेवंताच्या मनगटाचं हाड मोडलेलं केरबाला ऐकू आलं. त्याने वल्ह्याने मगरीच्या डोळ्यावर घावांवर घाव घातले, तेव्हा काच फुटून जबडा सुटला.

मुंडासं सोडून त्याने तिचा हात आवळला. ते बघता बघता भिजलं. होडीची बसायची फळी पाण्याच्या वर होती, तिच्यात आत पडलेलं सगळं खाली नदीत निघून जायला भोकं होती, आणि भोवती काळ्या पाठी वर येत होत्या. बाटली, नारळ आणि रक्त यांतला फरक त्याने मगरींना शिकवलाच नव्हता.

"मामंजी, काठाला घ्या ना."

त्याला वल्ह्याला हात लावता येईना. तिच्या मनगटाखाली धरलेली त्याची ओंजळ भरत आली होती.