निळा डबा

मोठ्या डॉक्टरसाहेबांनी वॉर्डातला राउंड मध्येच थांबवला आणि रक्ताच्या नमुन्यांचा निळा डबा तिच्यासमोर धरला.

“चौदा नंबरच्या खोलीत. आत्ता.”

बाकीच्या शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यातून कुणीतरी पुटपुटलं, “लागला बाईंना डबा!” दोघं-तिघं हसले. साहेबांच्या राउंडमधून कुणाला हलायची मुभा नव्हती. काढलं जायचं ते असं, हातात डबा देऊन, सगळ्यांदेखत. चुकलेल्याला हमाली, असंच सगळे समजत. जाऊन आलेले मात्र त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

तिला कारण ठाऊक होतं. मागच्या आठवड्यातल्या रविवारी, सलग तिसाव्या तासाला, तिने एका आजोबांच्या औषधाची मात्रा दहापट लिहिली होती. सिस्टरांनी वेळेवर पकडली म्हणून निभावलं. तेव्हापासून साधी गोळी लिहितानाही ती आकडा चार-चारदा तपासायची. सूचनाफलकावरच्या नंबरवर तिने समुपदेशकांना तीनदा फोन केला. त्या दहा ते बारा भेटायच्या, नेमक्या राउंडच्या वेळेला. सुट्टी मागायची तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं की संपलंच. कालपासून ती मनातल्या मनात राजीनामा लिहीत होती.

जिन्यात तिला डबा फार हलका लागला. तिने झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. ती धावत वर गेली, एकेक पायरी बघत पुन्हा खाली आली. नमुना कुठेच नव्हता.

चौदा नंबरच्या खोलीत एक प्रौढ बाई खिडकी उघडत होत्या.

“मॅडम, नमुना हरवला माझ्याकडून,” ती म्हणाली, आणि दारातच तिला रडू फुटलं. “पुन्हा माझीच चूक.”

“आधी बसा बरं. काही हरवलेलं नाही. मी समुपदेशक. फोनवर आपण बोललोय की तीनदा!”

तिने घड्याळाकडे पाहिलं. “पण राउंड...”

“बारापर्यंत तुम्ही इथेच. कारण कुठे लिहायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पुढच्या मंगळवारीही साहेबच पाठवतील.”

ती बसली. कितीतरी दिवसांनी तिची पाठ खुर्चीला टेकली.

“मग साहेबांचा नमुना?”

बाईंनी डबा उचलून बाजूला ठेवला.

“नऊ वर्षं हा डबा माझ्याकडे येतोय. नमुना अजून एकदाही आलेला नाही.”