हिरवं फडकं

घरी टिकल्या लावलेल्या साड्या मार्केटात पोचवायला जाताना अडीच वर्षांच्या हेमूला सोबत न्यावंच लागायचं. गोडादऱ्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीत त्याला सांभाळायला कोणी नव्हतं. सुरुवातीला तो गर्दीत दोनदा हरवला. मग मी हिरव्या साडीचं एक फडकं पिशवीत ठेवायला लागले. एसटीडी बूथच्या पायरीशी ते अंथरायचं, त्याला त्यावर बसवायचं आणि सांगायचं, "आठेच बस. खाले उतरू नको." उतरला की फटका. चार दिवसांत शिकला. साड्यांचं काम देणारे शेठ म्हणायचे, "बेन, छोकरो बहु डाह्यो छे." पोर शहाणं आहे म्हटल्यावर मला अभिमान वाटायचा. त्या दुपारी मी शेठना साड्या उलगडून दाखवत होते, तेवढ्यात उतारावर कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी हमालाच्या हातून सुटली. माणसं "हटो, हटो" ओरडत बाजूला पळाली. हेमूही उठला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक पाय फडक्याबाहेर टाकला, तो परत आत घेतला आणि खाली बसला. मी हातातली साडी टाकून त्याच्याकडे धावले. गाडी पायरीला अडून थांबली. तिचं चाक फडक्याच्या काठावर चढलं होतं, हेमूच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी पोचले तेव्हा हेमू बोट उगारून त्या चाकाला दटावत होता, "खाले उतरू नको. माय मारस."