घरीच असायची

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात भानुदास उभा होता. केंद्र सरकारच्या एका खात्याच्या जीपने उडवल्यापासून त्याच्या बायकोला, प्रयागला, उजवा हात कोपराखाली उरला नव्हता. भरपाई किती मागायची, हे त्यांच्या वकिलांनी तिचं एकेक काम विचारून ठरवलं होतं. शिवणकाम, दोन म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू. "एवढंच सांगा, घाबरू नका," असं त्यांनी भानुदासला बजावलं होतं.

सरकारी वकील अगदी घरच्यासारखे बोलले. "तुम्ही काय करता?"

"गवंडीकाम, साहेब."

"आणि अपघाताआधी बायको काय करायची?"

"काही नाही, साहेब. घरीच असायची."

न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं. टायपिस्टची बोटं चालायला लागली, तेव्हा कुठे भानुदासला आपण काय बोललो ते कळलं. "तसं नाही, साहेब. पहाटे चारपासून राबायची ती."

"हे वकिलांनी शिकवलं का?"

भानुदासने आपल्या वकिलांकडे पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांचे वकील म्हणाले, "निम्मी भरपाई गेली समजा."

प्रयाग दाराशीच बाकावर बसली होती; आतलं सगळं तिला ऐकू आलं होतं. भानुदास तिच्यापुढे उकिडवा बसला. "तोंडातून निघून गेलं गं. कुणीही विचारलं की तेच सांगतो ना मी, सवयीनं."

प्रयागने डाव्या हाताने पदर सारखा केला.

"भरपाईचं जाऊ द्या," ती म्हणाली. "बावीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत होतात, ते मला आज कळलं."